अंधाराचा फॉर्म, तीन प्रतींत

आमच्या सुधन्वाला हुकूम सोडता येत नाही, हे सैन्याला चार वर्षांनी कळलं. मला ते तो आठ वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण.

आठ वर्षांचा होता तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण अबोली, गेली. बाप नागपूरला दुसरं लग्न करून मोकळा झाला. आम्हाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा सुधन्वा आमच्याकडे दिल्लीतल्या द्वारकेला आला आणि आमचाच झाला. आमची सोसायटी केंद्र सरकारातल्या मराठी माणसांनी मिळून बांधलेली. नाव सह्यगिरी, फ्लॅट बहात्तर, आणि त्यातल्या निम्म्यांत तरी कुणीतरी निवृत्त अधिकारी बसलेला. मी स्वतः सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मंत्रालयाचं नाव सांगत नाही, अजून पेन्शन घ्यायची आहे. आमचे हे, गुणवंत, ऑडिटमधले. अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, कारण दुसरं कुणी तयार होत नाही आणि हे कुणाला होऊ देत नाहीत.

तर अशा गोकुळात पोरगं वाढलं. कुणाचं दही आण, कुणाचा मोबाईल रिचार्ज कर, कुणाच्या गीझरचं बटण बघ. नाही म्हणणं त्याला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याला 'हे कर' म्हणणं तर त्याहून नाही. एकदा पोरांनी त्याला क्रिकेटचा कॅप्टन केलं. पहिली बॅटिंग कुणाला हवी, हे प्रत्येकाला नीट विचारेपर्यंत दिवेलागण झाली आणि सगळे घरी गेले.

हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला. मी चार दिवस जेवले नाही. मग म्हटलं, जाऊ दे, तिथे हुकूम ऐकायचे असतात, ते त्याला बरोब्बर जमेल. आणि जमलंही. इतकं जमलं की त्यांनी त्याला लान्स नाईक केलं, म्हणजे खांद्याखाली बाहीवर एक फीत दिली. तिथून सगळा घोळ सुरू झाला.

त्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. सुधन्वाची पलटण पुढे गेली होती, पण हा नेमका तेव्हाच दिल्ली कँटोन्मेंटला काडरसाठी आलेला. काडर म्हणजे नेतृत्वाचं प्रशिक्षण. ते पास झालं की नाईक व्हायचं आणि एक सेक्शन, म्हणजे स्वतःला धरून दहा माणसं, हाताखाली घ्यायची. नापास झालं की पुढच्या काडरपर्यंत कँटोन्मेंटच्या स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत बसायचं. कँटोन्मेंट आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. ब्लँकेटं मोजणाऱ्या माणसाला रविवारी घरी जेवायला येता येतं. एवढंच मला त्यातलं कळलं, आणि एवढं पुरे होतं.

दीड महिन्याचं ते काडर लढाईमुळे बारा दिवसांत बसवलं. भाषणकलेचा तास रद्द. नकाशावाचन नाश्त्याबरोबर. पानिपतला नेऊन रणभूमी दाखवायचा एक दिवस होता, तोही रद्द. शिकवणारे सगळे उस्ताद सीमेवर गेले, मागे उरले एकटे सुभेदार राजीवसिंह, कारण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते काठी टेकत पोरांना म्हणाले, "पानिपत में तुम्हारे मराठों ने क्या सीख लिया था, जो तुम सीखोगे?" सुधन्वाने हे हसत हसत सांगितलं. मी त्याच क्षणी ठरवलं, या माणसाला चहाला बोलवायचं नाही.

आता नेतृत्वाची परीक्षा घ्यायची कशी? गाड्या सीमेवर, तंबू सीमेवर, डमी काडतुसंसुद्धा सीमेवर. त्याच आठवड्यात नागरी संरक्षणवाल्यांचं पत्र आलं की शहरात ब्लॅकआउटच्या तालमी घ्यायच्या आहेत, माणसं द्या. सुभेदारांनी चिठ्ठ्या टाकून बारा पोरांना बारा सोसायट्या वाटल्या. आधी दोन तालमी, मग परीक्षा. आठ वाजता भोंगा होणार, पाच मिनिटांत अंधार हवा. जास्तीत जास्त दहा दिवे चालतील. अकरावा दिसला की नापास. मेन स्विचला हात लावायचा नाही, कारण लिफ्टमध्ये कुणी अडकेल, कुणाचं मशीन बंद पडेल. नुसतं बोलून करून दाखवायचं. सुधन्वाच्या चिठ्ठीत दुसरीच कुठली सोसायटी आली होती. पण तो पडला प्रामाणिक. म्हणाला, तिच्या शेजारीच माझं घर आहे, ओळखीचे लोक असतील, चालेल ना. सुभेदार म्हणाले, "घर है? तो घर ही ले. जिन्होंने तुझे चड्डी में देखा है, उन पर हुकुम चलाके दिखा."

सुधन्वा घरी आला आणि सोसायटीच्या कमिटीसमोर उभा राहिला. युनिफॉर्म कडक, आवाज लोण्यासारखा. "काका, काकू, म्हणजे, जमलं तर, आठ वाजता जरा दिवे..." वाक्य पुरं व्हायच्या आत चौथ्या मजल्यावरच्या शांतारामकाकांनी विचारलं, "पत्र कुठाय?" त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, तरी विचारलं. पत्र नव्हतं. मग आमच्या ह्यांनी एक अंधार उपसमिती नेमली. उपसमितीने ठराव केला की अनुपालनाची नोंद हवी. आणि नोंदीचा फॉर्म करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

फॉर्म मी झकास केला. रकाना एक, फ्लॅट क्रमांक. दोन, बंद केलेल्या दिव्यांची संख्या. तीन, बंद केल्याची वेळ. चार, बंद करणाऱ्याची सही. पाच, साक्षीदाराची सही. खाली टीप, 'नोंद प्रत्यक्ष वेळेलाच करावी, मागाहून केलेली ग्राह्य धरली जाणार नाही.' चौतीस वर्षं हेच केलं, हात आपोआप चालतो.

मंगळवारी पहिली तालीम झाली. भोंगा वाजला आणि खरं सांगते, अर्ध्या मिनिटात सह्यगिरी काळी ठिक्कर पडली. शिस्तीची माणसं आहेत. आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात पुन्हा उजळली, कारण सगळ्यांना फॉर्म भरायचा होता. अंधारात सही कशी करणार? मग साक्षीदार शोधायला लोक टॉर्च घेऊन शेजारी गेले. जिन्यात गर्दी झाली. खाली गेटपाशी आमचे हे ट्यूबलाईटखाली पेटी घेऊन बसले आणि येईल त्या फॉर्मवर पोच देत राहिले. सुभेदारांनी आवारात उभं राहून एकसष्ट दिवे मोजले आणि काठीने डोकं खाजवलं.

आता हे मी मुद्दाम केलं का? तेव्हा नाही, तेव्हा सवयीने. पण एकसष्ट आकडा ऐकल्यावर माझ्या पोटात जे झालं, त्याला मराठीत आनंद म्हणतात. दुसऱ्या तालमीला मी तोच फॉर्म तीन प्रतींत केला. त्या वेळी अडुसष्ट भरले.

दुसऱ्या दिवशी सुधन्वा दुपारी जेवायला आला. आमटी-भात कालवत म्हणाला, "मावशी, फॉर्म मस्त झालाय. फक्त तो सकाळी भरला तर?"

"खाली टीप वाचलीस ना?"

"वाचली."

"मग?"

"बरं," म्हणाला तो आणि ताक मागितलं.

मला इतका राग आला म्हणून सांगू. अरे भांड माझ्याशी. आपट ते ताट. निवृत्त मावशीच्या एका टिपेपुढे बरं म्हणणारा मुलगा उद्या दहा माणसं घेऊन डोंगरावर जाणार, आणि समोरून गोळ्या आल्यावर काय म्हणणार, बरं? याला तिथे पाठवणं म्हणजे त्याला मारणं आहे, असं माझ्या मनाने पक्कं घेतलं. आणि मनाने एकदा घेतलं की माझं मीच ऐकत नाही.

जेवताना त्याला फोन आला. त्याच्याच पलटणीतल्या प्रतीकचा, भरती झाल्यापासूनचा दोस्त. सुधन्वाने फोन स्पीकरवर टाकला, कारण हात आमटीत. प्रतीकच्या सेक्शनचा नाईक जखमी होऊन खाली हॉस्पिटलात गेला होता आणि बाकीचे नऊ जण तिथेच होते. प्रतीक म्हणाला, "लवकर ये यार. मी सगळ्यांत सिनियर आहे म्हणतात, पण मला काही सुचत नाही. काल पाणी आणायला कोण जाणार, यावर आम्ही वीस मिनिटं चर्चा केली. नऊ जण, बाहेर फायरिंग चालू, आणि आम्ही मतदान घेतोय." तो हसत होता, पण हसण्यात दम नव्हता. सुधन्वा हसला नाही. त्याने ताक न पिता हात धुतला आणि माझ्या कपाटातून कोरे कागद घेऊन गेला.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर नवा कागद लागला. मी चष्मा लावून वाचला. 'विषय: दिवा चालू ठेवण्यास परवानगी. परीक्षेच्या दिवशी ज्यांना दिवा चालू ठेवायचा असेल, त्यांनी कारणासह अर्ज तीन प्रतींत, आधार कार्डाच्या प्रतीसह आणि शेजारच्या दोन फ्लॅटच्या ना-हरकतीसह उद्या दुपारपर्यंत द्यावा. एकूण दहा परवाने दिले जातील. ज्यांना दिवा बंद करायचा आहे, त्यांनी काहीही करू नये. आधीचा फॉर्म रद्द.' खाली सही, सुधन्वा, लान्स नाईक.

मी तिथेच उभी राहिले. चौतीस वर्षांत मंत्रालयात मला कुणी असं कोपऱ्यात गाठलं नव्हतं. काहीही करू नये, यापेक्षा सरकारी माणसाला आवडणारं वाक्य जगात नाही. पोरगं माझ्याच ताटात जेवून माझीच विद्या घेऊन गेलं होतं. अभिमान वाटला, आणि लगेच लक्षात आलं, आता हा पास होणार.

अर्ज आले नऊ. सहाव्या मजल्यावरच्या केतकीचा, तिचा अमेरिकेतल्या क्लायंटशी रोज आठला कॉल असतो आणि क्लायंटला आपलं युद्ध चालू आहे हे कळू द्यायचं नाही, असं तिच्या कंपनीचं म्हणणं. एकाचा माशांच्या टाकीसाठी. एका काकूंनी देवापुढचा नंदादीप दिव्यात धरतात का, अशी विचारणा करून वर अर्जही जोडला. शांतारामकाकांनी अर्ज केलाच नाही. त्यांचा अर्ज सुधन्वाने स्वतः भरला, ना-हरकती स्वतः आणल्या. ऑक्सिजनच्या मशीनच्या आधीपासूनच त्यांना काळोखात गुदमरल्यासारखं होतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. झाले दहा. दहाही मंजूर.

मी अर्ज केला नाही. केला असता तर अकरावा म्हणून रीतसर नामंजूर झाला असता, आणि नामंजुरी मोडायची मला सवय नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी मी दोन दिवस घरात वावरले. ह्यांनी विचारलं, बीपीची गोळी घेतलीस का. मी म्हटलं, तुम्ही तुमची पेटी सांभाळा.

परीक्षेच्या दिवशी आठ वाजता भोंगा झाला. खिडक्या एकेक करून विझल्या. फॉर्म नाही, टॉर्च नाही, जिन्यात पाऊल नाही. लोक आपापल्या बाल्कनीत गुपचूप उभे, आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करण्याचं काम मनापासून करत होते. मी दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात उभी होते, आवाराकडच्या खिडकीपाशी. ट्यूबलाईट चालू. हात बटणापासून वीतभर लांब, ओट्यावर.

खाली सुभेदार मोठ्याने मोजत होते. आवाज सगळीकडे घुमत होता. "आठ. नौ. दस." मग थांबले. काठी वर झाली ती थेट माझ्याकडे. "ग्यारह. ये किसका है?"

"मेरी मौसी का," सुधन्वा म्हणाला.

"अर्जी है?"

"नहीं, साब."

"दो मिनट हैं."

ह्यांनी अंधारातून माझं कोपर धरलं. "अगं, बंद कर. विसरलीस का?"

"विसरले नाही. तुम्ही गप्प बसा."

ह्यांना मग समजलं. सदतीस वर्षांचा संसार आहे. हे म्हणाले, "मीनाक्षी, तो मोठा झालाय." मी म्हटलं, मोठा झालाय म्हणूनच तर. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. अबोली गेली तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर मी तिला शब्द दिला होता की याला मी जपेन. मला त्या क्षणी देश नको होता, सैन्य नको होतं. मला तो रविवारी जेवायला यायला हवा होता. एका बटणावर ते होणार होतं.

सुधन्वा खिडकीखाली येऊन उभा राहिला. वर पाहून म्हणाला, "मावशी, अगं, जरा..." आणि थांबला. बहात्तर घरं ऐकत होती. हा मुलगा आता बरं म्हणणार आणि मागे फिरणार, हे मला माहीत होतं. मी ओट्याची कड घट्ट धरली.

तो फिरला नाही. टाचा जुळवल्याचा आवाज आला. "फ्लॅट दोनशे तीन. मावशी, दिवा बंद करा. आत्ता."

ओरडला नाही. आवाज चढलाही नाही. जन्मभर मला अगं-तुगं करणारा मुलगा करा म्हणाला, आणि त्या आवाजात विनंती नावाची चीज शोधून सापडेना.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लेखी आदेश आहे?"

"नाही. तोंडी आहे."

"मी ऐकलं नाही तर?"

"तर मी नापास होईन, आणि तिकडे नऊ जण पाणी आणायला कोण जाणार यावर मतदान घेत बसतील. दिवा बंद करा."

चौतीस वर्षांत मी तोंडी आदेशावर एक कागद हलवला नव्हता. सचिव येऊन गेले, मंत्री येऊन गेले, मी म्हणायचे, साहेब, लिहून द्या. त्या दिवशी माझा हात बटणाकडे जाताना मीच पाहिला. दिवा बंद झाला. अंधारात शांतारामकाकांच्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. खाली सुभेदार म्हणाले, "दस." आणि थोड्या वेळाने, "अपनी मौसी पे चला दिया, तो किसी पे भी चलेगा."

मी ओट्यापाशी खाली बसले आणि पोटभर रडले. ह्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

तीन दिवसांनी तो निघाला, बाहीवर दोन फिती. सुभेदारांना मी चहाला बोलावलंच शेवटी, पानिपतचा विषय काढायचा नाही या अटीवर. निघताना सुधन्वा पाया पडला. मी नेहमीचंच बोलले. "तोंडी आदेशाची लेखी पुष्टी पंधरा दिवसांत करायची असते. नियम आहे."

"पाठवतो," म्हणाला. कपाटातून माझ्या रद्द झालेल्या फॉर्मची एक कोरी प्रत घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

त्यानंतर फोन नाही. तिकडे फोन बंद ठेवायला सांगितले होते. मग एक दिवस तोफा थांबल्या, टीव्हीवर तसं सांगितलं, सोसायटीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही, फ्रीजमध्ये ठेवून दिला. पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी मी पलटणीच्या पत्त्यावर स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. ह्यांनी मला वेड लागलंय असं म्हटलं नाही, उलट पाकिटावर तिकीट नीट चिकटवून दिलं. बाविसाव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक दोन. देवघरातला दिवासुद्धा मी तेव्हा विझू देत नव्हते.

एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. ह्यांनी फोडायला घेतलं, मी हिसकावलं. आत माझाच फॉर्म होता, घड्यांवर मातकट झालेला. फ्लॅट क्रमांक, दोनशे तीन. बंद केलेले दिवे, एक. वेळ, आठ वाजून चार मिनिटं. बंद करणाऱ्याच्या सहीची जागा माझ्यासाठी कोरी सोडलेली. वरच्या समासात लिहिलं होतं, 'संदर्भ: आपली स्मरणपत्रे एक व दोन. सदर तोंडी आदेश माझाच होता, याची पुष्टी करतो. सुधन्वा, नाईक.'

पाचवा रकाना साक्षीदाराचा. मी तो एका सहीपुरता आखला होता. त्यात जागा पुरली नाही म्हणून सह्या कागदाच्या कडेने खाली गेल्या होत्या, काही उभ्या, काही आडव्या, एक मराठीत, एक नुसता अंगठा, कारण त्या हाताला बँडेज आहे असं शेजारी लिहिलेलं. सगळ्यांत वाकडी सही प्रतीकची.

मी चष्मा पुसला आणि एकेका सहीवर बोट ठेवत मोजलं. मग ह्यांना मोजायला लावलं, ते ऑडिटमधले. साक्षीदार नऊ, आणि वर सुधन्वा. ह्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाले, "दहा. बरोबर आहे."

मी चौथ्या रकान्यात सही केली आणि पेढा खाल्ला.